छत्रपती संभाजीनगरातील एका रक्तकेंद्राचे परीक्षण: रक्तदाता कोणी शोधायचा?

माझ्या धाकट्या भावाची सात वर्षांची मुलगी दिवाळीनंतर रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडली. तेव्हापासून उन्हाळा संपेपर्यंत तिच्यासाठी रक्त आणि प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातील पेशी, आणण्याचे काम माझ्याकडे होते. भाऊ आणि भावजय वॉर्ड सोडू शकत नव्हते, आणि गेवराई तालुक्यातील आमच्या गावी आई धाकट्या नातवाला सांभाळत होती. त्यामुळे हे परीक्षण डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या बाजूने लिहिलेले नाही. रिक्वेस्ट फॉर्म आणि सॅम्पलची नळी हातात घेऊन रक्तकेंद्राच्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या नातेवाइकाच्या बाजूने ते लिहिले आहे. हे केंद्र एका धर्मादाय न्यासातर्फे चालवले जाते. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवाही नोंदवल्या आहेत आणि त्यांचा त्रास तेथे रात्रंदिवस राबणाऱ्या मोजक्या कर्मचाऱ्यांना व्हावा अशी माझी इच्छा नाही. शिवाय मी येथे जे मांडतो आहे ते बीड, जालना, परभणी, नांदेड किंवा लातूर येथील कोणत्याही रक्तकेंद्रात जाऊन पडताळून पाहता येईल.

रक्तकेंद्र चांगले की वाईट हे माझ्या मते एका प्रश्नावरून ठरते. रक्तदाता शोधण्याचे काम केंद्र स्वतः करते, की ते आजारी मुलाच्या घरच्यांवर टाकते? इमारत, यंत्रे, खिडकीवरच्या माणसाचे बोलणे या साऱ्या गोष्टी त्यानंतर येतात. मी ज्या केंद्राबद्दल लिहितो आहे ते हे काम स्वतः करते, आणि म्हणूनच त्याच्या उणिवा गृहीत धरूनही मी त्याची शिफारस करतो.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी आजाराची थोडी माहिती आवश्यक आहे. पुतणीला झालेला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. योग्य उपचार पूर्ण झाले तर बहुतेक मुले त्यातून बरी होऊ शकतात, परंतु उपचाराचा पहिला टप्पा, ज्याला डॉक्टर इंडक्शन म्हणतात आणि जो साधारण महिनाभर चालतो, तो फार कठीण असतो. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतील ज्या भागात रक्तपेशी तयार होतात तेथे, आधीच रोगपेशींनी जागा व्यापलेली असते आणि त्यावर किमोथेरपीने नव्या पेशींची निर्मितीही मंदावते, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही झपाट्याने खाली येतात. प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्या की कोठून रक्तस्राव होत नसतानाही त्या देण्याची पद्धत आहे, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्याआधीच द्याव्या लागतात. निरोगी माणसाच्या शरीरात त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. सकाळचा रिपोर्ट आला की गावाकडून पहिला फोन यायचा आणि आई इतर काही न विचारता एवढेच विचारायची, "काउंट किती आला?" त्या आकड्यावर आमचा दिवस कसा जाणार हे ठरत असे.

तांबड्या पेशींची पिशवी, जिला रुग्णालयात सर्वजण पीसीव्ही म्हणतात, ती योग्य द्रावणात आणि २ ते ६ अंश तापमानात ४२ दिवसांपर्यंत टिकते. प्लेटलेटचे तसे नाही. त्या २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि जास्तीत जास्त पाच दिवस वापरता येतात. त्यातला काही काळ चाचण्यांमध्येच जातो. म्हणजे प्लेटलेटचा मोठा साठा करून ठेवणे कोणत्याच केंद्राला शक्य नाही, त्यासाठी रक्तदात्यांचे येणे अखंड चालू असावे लागते.

मराठवाड्यात रक्तदान कमी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, गणेशोत्सव आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन या निमित्ताने गावोगावी आणि शहरातील चौकाचौकांत शिबिरे होतात, तरुण रांगा लावून रक्त देतात आणि केंद्रांचे फ्रिज भरून जातात. अडचण अशी की त्या शिबिरांतून मिळालेल्या प्लेटलेट आठवडाभरात संपलेल्या असतात, आणि त्याच दिवशी रक्त दिलेला पुरुष पुढचे ९० दिवस व स्त्री १२० दिवस पुन्हा रक्तदान करू शकत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, वसतिगृहे रिकामी होतात, लग्नसराई असते आणि ऊन असे असते की दुपारी घराबाहेर पडणे नकोसे होते. आजारी मुलाचा काउंट मात्र जयंतीची तारीख पाहून खाली येत नाही. शिबिरे घेणाऱ्या मंडळांनी एकाच दिवशी शेकडो पिशव्यांचा विक्रम करण्याऐवजी आपल्या कार्यकर्त्यांच्या तुकड्या करून वर्षभर त्यांना पाळीपाळीने पाठवले, तर त्याचा उपयोग कितीतरी पटींनी वाढेल, हे मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

आमची अडचण आणखी एका कारणाने वाढली होती. खेड्यातील कुटुंबाला रक्ताची गरज पडली की गावी फोन करायचा आणि जीप भरून पोरे बोलवायची, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. परंतु बीड जिल्ह्यातील अनेक गावांप्रमाणे आमच्याही गावातील निम्मी घरे दिवाळीनंतर कुलूपबंद असतात, कारण धडधाकट माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली असतात. जे गावात होते ते आले. त्यांपैकी कोणाचे वजन ४५ किलोपेक्षा कमी भरले, कोणाचे हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघाले, आणि एकाने दाढदुखीसाठी ॲस्पिरिन घेतलेली असल्यामुळे त्याच्या प्लेटलेट चालणार नव्हत्या. दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने इतके अंतर येऊन परत जावे लागलेल्या त्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात.

याच काळात एका रात्री मला शहरातील दुसऱ्या एका केंद्रात जावे लागले. तेथील खिडकीवर फॉर्म न पाहताच सांगण्यात आले, "आधी डोनर आणा, मग पिशवी." बदली रक्तदात्याची ही मागणी इतकी रूढ झाली आहे की आपल्याला तो नियमच वाटतो. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, आणि २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने बदली रक्तदात्याची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवून सारे रक्त ऐच्छिक दात्यांकडून मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले. मागणी न थांबल्यास काय होते तेही मी त्याच रात्री पाहिले. चहाच्या टपरीजवळ एक अनोळखी माणूस जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, डोनर पाहिजे का? देतो जमवून." पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो, आणि संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीतही तो काही काळ सापडत नाही. प्रतिकारशक्ती जवळजवळ संपलेल्या मुलाच्या शरीरात असे रक्त जाणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. माझ्या खिशात पैसे होते आणि मुलीच्या हिरड्यांतून रक्त येत होते. तशा वेळी नकार देणे सोपे नसते, आणि ज्यांनी होकार दिला असेल त्या आईवडिलांना मी दोष देणार नाही. दोष त्यांना मध्यरात्री रस्त्यावर दाता शोधायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ज्या केंद्राचे हे परीक्षण आहे तेथे मला असे कधीही सांगितले गेले नाही. त्यांच्याकडे प्लेटलेटदात्यांची एक स्वतंत्र नोंदवही आहे. तिच्यात विद्यापीठातील आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, वाळूज औद्योगिक वसाहतीतील कामगार, शिक्षक, व्यापारी असे लोक आहेत, आणि प्रत्येकाचा रक्तगट, मागच्या दानाची तारीख व कोणत्या वेळी फोन केलेला चालेल हे त्यात लिहिलेले असते. फोन केंद्राचे कर्मचारीच करतात. सकाळी मागणी दिली की दुपारपर्यंत कोणीतरी दाता येत असे. अगदी नाइलाज झाला तर ते आमच्याकडे ओळखीत कोणी आहे का असे विचारत, परंतु त्या उत्तरावर पिशवी मिळणे अवलंबून नसे.

प्लेटलेट दोन प्रकारे मिळतात. साध्या रक्तदानाच्या पिशवीतून वेगळ्या केलेल्या त्या आरडीपी, आणि एकाच दात्याला यंत्राला जोडून घेतलेल्या त्या एसडीपी. एसडीपीची एक पिशवी साधारण सहा आरडीपींच्या बरोबरीची असते आणि मुलाच्या शरीरात सहाऐवजी एकाच माणसाचे रक्तघटक जातात, म्हणून वारंवार प्लेटलेट लागणाऱ्या मुलांसाठी ती अधिक बरी मानली जाते. दात्याचा मात्र बराच वेळ त्यात जातो. यंत्र त्याचे रक्त घेऊन त्यातील प्लेटलेट बाजूला काढते आणि उरलेले रक्त त्याच्याच शरीरात परत सोडते, आणि हे तास-दीड तास चालते. त्यापूर्वी त्याचा काउंट दीड लाखाच्या वर आहे ना, वजन पुरेसे आहे ना आणि दंडाची शीर सुई पेलेल अशी आहे ना हे पाहिले जाते. रक्त गोठू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रावणाने ओठांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून येथील सिस्टर दात्याला कॅल्शियमची गोळी देतात आणि सुई निघेपर्यंत जवळच थांबून त्याच्याशी बोलत राहतात. असा दाता ४८ तासांनंतर पुन्हा प्लेटलेट देऊ शकतो, मात्र आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही मर्यादा आहे. प्लेटलेट देणाऱ्याला तीन महिने थांबावे लागत नाही, हे आपल्याकडे फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे.

दात्याची काळजी घेण्यात हे केंद्र कसूर करत नाही, याचा प्रत्यय मला एका कठीण प्रसंगी आला. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून एक तरुण थेट प्लेटलेट द्यायला आला होता. त्याचा गट जुळत होता, काउंट उत्तम होता आणि आम्हाला पिशवीची निकड होती, तरीही सिस्टरांनी त्याला परत पाठवले. "दादा, झोप झालेली नाही तुमची. जेवा, झोपा आणि संध्याकाळी या," असे त्या म्हणाल्या. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. संध्याकाळी तो तरुण ठरल्या वेळी आला आणि तोपर्यंत लागणाऱ्या आरडीपी केंद्राने आपल्या साठ्यातून दिल्या. दात्याला अशी वागणूक मिळते म्हणूनच तो दुसऱ्यांदा येतो, आणि ती नोंदवही त्यामुळेच भरलेली राहते, हे नंतर लक्षात आले.

आईवडिलांच्या रक्ताबद्दलही येथे नीट समजावून सांगितले गेले. आजाराचे निदान झाले त्या दिवशी भाऊ बाही वर करून उभा होता, "माझं सगळं काढून घ्या" असे म्हणत होता. परंतु जवळच्या नात्यातील रक्त, त्यावर किरणांची प्रक्रिया केल्याशिवाय, अशा मुलांना देत नाहीत. त्यातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून त्याच्यावरच उलटण्याचा धोका असतो, आणि पुढे कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली तर नातेवाइकांचे आधी दिलेले रक्त अडचणीचे ठरू शकते. हे एका तंत्रज्ञाने भावाला बाजूला बसवून शांतपणे सांगितले. भावाने त्याच दिवशी दुसऱ्या कोणासाठी रक्त दिले. भावजयीचे हिमोग्लोबिन कमी निघाले, तेव्हा तिला नुसते परत न पाठवता औषधासाठी डॉक्टरांकडे जायला सांगितले गेले.

आम्हाला दात्यांना भेटून त्यांचे आभार मानायचे होते. केंद्राने त्यांची नावे दिली नाहीत आणि आमचेही नाव त्यांना सांगितले नाही. सुरुवातीला हे कोरडे वाटले, पण ते योग्यच आहे, कारण ओळख झाली की उपकार येतात, अपेक्षा येतात आणि कधीकधी व्यवहारही येतो. भावजयीने लिहिलेली चिठ्ठी मात्र त्यांनी नाव झाकून सूचनाफलकावर लावली.

खिडकीवरील नेहमीचे काम व्यवस्थित आहे. गट तपासणे आणि क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का याची चाचणी) यासाठी लागणारा वेळ आधी सांगितला जातो आणि बहुधा पाळला जातो. पिशवी नेताना दिलेल्या सूचना विशेष उपयोगी पडल्या. तांबड्या पेशींची पिशवी थंड डब्यातून न्यायची, प्लेटलेटची पिशवी मात्र बर्फात ठेवायची नाही आणि उन्हातही धरायची नाही, तर वॉर्डात पोहोचताच सिस्टरांच्या हातात द्यायची. मेच्या दुपारी मोटारसायकलवरून पिशवी नेणाऱ्यांपैकी अनेकजण काळजीपोटी दोन्ही पिशव्या बर्फातच ठेवतात. येथे दोन वेगवेगळे डबे अनामत रकमेवर मिळतात, ही साधी सोय सर्वच केंद्रांनी करायला हवी.

खर्चाच्या बाबतीत पावती स्पष्ट असते. रक्ताला किंमत नसते, जे घेतले जाते ते प्रक्रिया शुल्क असते. राष्ट्रीय पातळीवर २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तांबड्या पेशींच्या पिशवीला शासकीय केंद्रात ११०० आणि खासगी वा धर्मादाय केंद्रात १५५० रुपयांची मर्यादा आहे, आरडीपीसाठी हेच आकडे ३०० आणि ४०० रुपये आहेत. नॅटसारखी, म्हणजे रक्तातील ताजा संसर्ग लवकर शोधणारी, जादा चाचणी केली असेल तर तिचे शुल्क वेगळे लागते आणि येथे ते पावतीवर वेगळे दाखवले जाते. एसडीपी महाग पडते, कारण त्या यंत्राचे किट एकदाच वापरता येते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, वारंवार रक्त लागणाऱ्या मुलांना ते विनामूल्य देण्याचे धोरण आहे, आणि या केंद्रात त्यासाठी कोणाला विनवणी करताना मी पाहिले नाही. परभणीकडून दर तीन आठवड्यांनी मुलाला घेऊन येणाऱ्या एका आईची पिशवी तिच्या तारखेला आधीच बाजूला काढून ठेवलेली असे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे रात्रीची खिडकी. रात्री एकच तंत्रज्ञ असतो. तो आत क्रॉसमॅच करत असला की खिडकीवर कोणी नसते आणि दूरध्वनी वाजत राहतो. काउंट उतरलेल्या मुलाच्या घरच्यांना तेवढा वेळही फार मोठा वाटतो, आणि निदान "आत काम चालू आहे, इतक्या वेळात येतो" अशी पाटी तरी लावता येईल. दुसरी उणीव फॉर्मच्या तपासणीची. सॅम्पलच्या नळीवरील नाव आणि फॉर्मवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी ते परत पाठवतात, आणि हे बरोबरच आहे, कारण चुकीच्या माणसाला चुकीचे रक्त जाण्यासारखी भयंकर गोष्ट नाही. परंतु ही तपासणी रांगेच्या शेवटी न करता फॉर्म हातात घेताच केली पाहिजे. तिसरी, रक्तावर किरणप्रक्रिया करण्याचे यंत्र येथे नाही. पिशवी दुसरीकडे पाठवावी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून अशा रुग्णांनी मागणी आदल्या दिवशीच द्यावी. चौथी उणीव नातेवाइकांच्या बसण्याची. बाहेर पत्र्याची शेड आहे, एप्रिलनंतर तिच्याखाली बसवत नाही, आणि पिण्याचे पाणी शोधायला रस्ता ओलांडावा लागतो. दात्यांसाठी आत उत्तम व्यवस्था असताना गावाहून आलेल्या नातेवाइकांसाठी एक माठ आणि एक पंखा ठेवणे अवघड नाही.

पुतणीचे इंडक्शन आणि त्यापुढचे कडक टप्पे पार पडले आहेत. आता ती घरी आहे, गोळ्या चालू आहेत, ठरावीक तारखांना तपासणीसाठी यावे लागते. प्लेटलेटची गरज अलीकडे पडलेली नाही. ऊसतोडीहून परतलेल्या आमच्या गावातील तरुणांपैकी काहींनी तपासणी करून आपली नावे त्या नोंदवहीत लिहिली आहेत. दसऱ्यापर्यंत ते गावात असतात, म्हणून त्यांनी आपल्या नावापुढे महिनेही लिहून दिले आहेत.

ज्यांना अशी नोंदणी करायची असेल त्यांनी आपल्या जवळच्या रक्तकेंद्रात एसडीपीची सोय आहे का हे आधी विचारावे. जाताना ओळखपत्र न्यावे, पोटभर जेवून आणि पाणी पिऊन जावे, आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर तसे सांगावे, आणि दंड सहज मोकळा होईल असा सैल बाहीचा सदरा घालावा.